लांडग्याची नमुना सही

बँकेत ज्याला कुठलंच काम धड जमत नाही त्याला कमिटीवर घेतात. अस्मादिक आमच्या शाखेतल्या सर्व कमिट्यांवर आहेत. पाण्याच्या कूलरची कमिटी, सत्यनारायणाच्या वर्गणीची कमिटी, निवृत्त होणाऱ्याला घड्याळ द्यावं की सूटकेस यावर तासभर भांडून शेवटी घड्याळच देणारी कमिटी, सगळीकडे मी आहे. त्यामुळे शाखेच्या वर्धापनदिनी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी चित्रकला स्पर्धा ठेवायचं ठरलं, तेव्हा परीक्षक कोण हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

"अहो, पण मी बी.कॉम. आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर! निःपक्षपाती राहाल," मॅनेजरसाहेब म्हणाले.

चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला आला होता. वस्तुचित्रासाठी समोर तांब्या ठेवला होता. माझा कागद बघून शेजारच्या मुलाने "घंटा कुठे ठेवलीय रे?" असं विचारलं होतं. पण एक गोष्ट माझ्या बाजूने होती. गेली वीस वर्षं मी घाटकोपरच्या शाखेत चेकवरच्या सह्या तपासतो. पूर्वी नमुना सह्यांची कार्डं लाकडी खणात असत, आता सही संगणकाच्या पडद्यावर येते. काम मात्र तेच. समोरची सही खरी की खोटी? चित्र तपासणं याहून काय वेगळं असणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि गठ्ठा घेऊन मुलुंडला घरी आलो.

विषय होता 'लांडगा आला रे आला'. चित्रं आली ३२. पक्षपात नको म्हणून मुलांची नावं कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेली. जेवणाच्या टेबलावर ते ३२ लांडगे पसरून मी बसलो. कुटुंब म्हणालं, "आवरा लवकर, भाकऱ्या थापल्यात."

तपासणी करता करता माझ्या लक्षात आलं की या लांडग्यांचे चार-पाच ठरलेले प्रकार आहेत. पहिला प्रकार आल्सेशियन. भरघोस छाती, ताठ कान, जीभ बाहेर. गळ्यात पट्टा आणि हातात साखळी धरलेला निवृत्त मेजर तेवढा काढायचा राहिला होता. दुसरा प्रकार अस्वली. मानेभोवती केसांचा असा मफलर, की याला सर्दीचा त्रास असावा. एकाने तर लांडग्याच्या मागे बर्फ पाडला होता. पुढचा मेंढपाळ मात्र धोतर-पागोट्यात, घोंगडी खांद्यावर टाकून उभा! तिसरा प्रकार दंतमंजनाच्या जाहिरातीतला. तोंडात सगळे दात त्रिकोणी, एकासारखा एक, करवतीच्या पात्यासारखे. चौथा प्रकार दोन पायांवर उभा राहिलेला, पोट सुटलेला. हा बहुधा वडिलांवरून काढला होता.

आणि शेवटून दुसरं चित्र मात्र काहीतरी वेगळंच होतं. पिवळट खडूने काढलेला माळ, त्यावर तशाच पिवळट रंगाचं, काटकुळं, लांबलांब पायांचं जनावर. पोट आत गेलेलं, शेपूट खाली सोडलेली. डरकाळी नाही, चंद्र नाही, दात नाहीत. मान खाली घालून ते आपलं निघालं होतं. मेंढ्या लांब होत्या. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि १० पैकी ३ गुण दिले. खाली शेराही लिहिला : 'कुत्रा छान. विषयाकडे लक्ष द्यावे.'

पहिलं बक्षीस चंद्राकडे बघून गळा काढणाऱ्या आल्सेशियनला दिलं. टाळ्या झाल्या, समोसे झाले, विषय संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेतले शिपाई चित्रं बोर्डावर टाचत होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामा मूळचे माणदेशातले, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या मुलखातले. त्यांच्या घरी दोन पिढ्यांमागे मेंढरं होती, चुलतभावाकडे अजून आहेत. टाचण्या तोंडात धरून मामा म्हणाले, "साहेब, ह्यात लांडगा एकच हाय."

मी अभिमानाने बक्षीसपात्र चित्राकडे बोट केलं.

मामांनी टाचण्या तोंडातून काढल्या. "त्यो न्हवं. ह्येला जेवान येळेवर मिळतंय."

मग शाखा उघडायला अवकाश होता म्हणून मामांनी मला लांडगा शिकवला. त्यानंतर मी प्रेटरसाहेबांचं पुस्तकही पाहिलं. भारतीय प्राण्यांवरचं ते पुस्तक आपल्या मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली काढलं. पण खरं सांगतो, पुस्तकात जे वाचलं ते मामांनी टाचणीच्या टोकाने आधीच दाखवलं होतं.

आपला लांडगा म्हणजे सडपातळ प्राणी. खांद्याशी उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर आणि वजन अवघं २० ते २५ किलो. म्हणजे आमच्या कन्येची पाचवीतली उंची सोडा, नुसतं वजनही यापेक्षा जास्त होतं. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला त्याचा भाऊबंद याच्या दुप्पट भरतो आणि त्याला थंडीसाठी दाट लोकर असते. आपल्याकडच्याच्या अंगावर केस आखूड आणि आतली लोकर नावाला. सोलापूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे मफलर गुंडाळून फिरायला तो काय नवरदेवाचा मामा आहे?

छाती हा दुसरा मुद्दा. चित्रकार मंडळी लांडग्याला पैलवानाची छाती देतात. वास्तविक त्याची छाती खोल असते, पण अरुंद. समोरून पाहिलं तर नावेच्या तळासारखी. कोपरं आत वळलेली, पुढचे दोन पाय जवळजवळ. त्यामुळे समोरून येणारा लांडगा फार थोडी जागा अडवतो. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात शिरायला देवाने बनवलेलं शरीर!

तिसरी गोष्ट मागच्या पायाची, आणि इथे ३२ पैकी ३१ जण नापास. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, त्याला सगळे गुडघा समजतात आणि 'याचा गुडघा उलटा कसा?' असं वाटून काही जण तो सुलटा करून टाकतात. मग लांडगा खुर्चीवर बसायला निघाल्यासारखा दिसतो. अहो, तो गुडघा नसून टाच आहे! लांडगा, कुत्रा, मांजर, सगळे बोटांवर चालतात, टाच कायम उचललेली. खरा गुडघा वर, पोटाच्या लगत असतो, आपल्यासारखाच पुढे वाकणारा. आपल्याला त्याचा अंदाज घ्यायचा असेल तर रात्री उशिरा घरी आल्यावर कुटुंबाची झोप मोडू नये म्हणून आपण चवड्यांवर कसे चालतो ते आठवावं. लांडगा जन्मभर तसाच चालतो.

पंजांचा हिशेबही सोपा आहे. पुढच्या पायाला पाच बोटं, पण पाचवं वर लटकलेलं, जमिनीला न लागणारं, मागच्याला चार. म्हणून मातीत ठसा उठतो तो चारांचाच. डोळा पिवळसर आणि बाहुली गोल. आमच्या स्पर्धेतल्या निम्म्या लांडग्यांना उभ्या चिरेसारखी बाहुली होती, ती खोकडाची. दुसऱ्याचा फोटो लावून खातं उघडण्याचाच हा प्रकार. शेपूट चालताना खाली सोडलेली. पाठीवर वेटोळं करते ती गावठी कुत्र्याची.

आणि दात. एकूण ४२. वर २० आणि खाली २२. कॉमर्सच्या माणसाला हा ताळेबंद पहिल्यांदा वाचला तेव्हा झोप लागेना. दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि तरी तोंड मिटतं! पण महत्त्वाचं असं की हे ४२ एकसारखे नसतात. पुढे बारीक बारा, मग चार सुळे, आणि बाकीच्या दाढा. त्यांतल्या दोन जोड्या कात्रीसारख्या एकमेकींवरून घसरतात आणि मांस कापतात. सुळे धरायचं काम करतात, दाढा कापायचं. एक कॅशिअर, एक क्लार्क. सगळ्यांनाच कॅशिअर केलं तर शाखा चालेल का?

इतकं ऐकल्यावर मी बोर्डावरच्या त्या पिवळट चित्राकडे पाहिलं. पाय लांब, छाती अरुंद, टाच जागेवर, शेपूट खाली. मी कागद काढून उलटा केला. मागे मामांच्या नातवाचं नाव होतं. नातू मे महिन्यात गावी गेला होता, चुलत्यांबरोबर मेंढरांमागे माळावर राहिला होता.

मला काय बोलावं सुचेना. मामांनी माझ्या हातातून कागद घेतला, पुन्हा टाचला आणि एवढंच म्हणाले, "बघितल्यालं काढलं पोरानं."

वीस वर्षांत मी एकदाही खोटी सही पास केलेली नाही. पण त्या दिवशी ३१ खोट्या सह्या पास करून एकुलती एक खरी सही मी 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवली होती.

आता यात मुलांचा दोष किती? सही तपासणारे आम्ही लोक अक्षरं वाचत नाही, वळण बघतो. हात कुठे दाबला, कुठे उचलला, शेवटचा फराटा कसा मारला. पण वळण कळायला नमुना सही लागते. मुलुंडची मुलं बिबट्या झकास काढतात, ठिपक्यांसकट, कारण आमच्या मागेच नॅशनल पार्क आहे आणि बिबट्याची नमुना सही इथल्या सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतच जमा आहे. लांडगा मात्र बोरिवलीच्या जंगलातही नाही. मग मुलं काढणार कशावरून? आधीच्या चित्रावरून. ते आणखी आधीच्या चित्रावरून. बनावट सहीवरून बनावट सही गिरवत गेलं की शेवटी तीच खरी वाटायला लागते.

हे लांडगे आले बहुतेक युरोपातून. गुस्ताव्ह दोरे नावाच्या फ्रेंच चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात आजीबाईची टोपी घालून लांडग्याला पलंगावर निजवलं आणि शेजारी लाल टोपीवाली पोर. ते चित्र उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो लांडगा त्यांचा, त्यांच्या जंगलातला. गंमत म्हणजे रोममधली ती प्रसिद्ध कांस्याची लांडगीण पाहा. तिच्या फासळ्या मोजता येतात, पोट आत गेलेलं. मानेवरचे शोभेचे कुरळे केस सोडले तर ती आपल्या माळावरच्या लांडगिणीला जास्त जवळची. तिच्या खालची दोन बाळं पंधराव्या शतकात मागाहून बसवली. खातं तिच्या एकटीचं होतं, जॉइंट नंतर झालं.

सगळ्यांत वाईट मला वाटतं ते मोगलीचं. कारण ते प्रकरण आपल्या घरचं. रडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. वडील लॉकवूड तिथे शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या दारावरची शिल्पं त्यांच्या आराखड्याची. १८९४ साली 'जंगल बुक' निघालं त्यात चित्रं काढणाऱ्यांत वडीलही होते. कथा घडते मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या टेकड्यांत. म्हणजे मोगलीला वाढवलं ते आपल्याच काटकुळ्या देशी लांडग्यांनी. पुढे १९६७ साली डिस्नेचा सिनेमा आला, नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानमध्ये बनलेली मालिका आली. मी ती डोळ्यांत प्राण आणून बघत असे. त्यातला अकेला मला आठवतो तो चांगला जाडजूड, मानेवर आयाळ मिरवणारा. कोकराचं कातडं पांघरलेला लांडगा आपण गोष्टीत ऐकला होता. हा परदेशी लांडग्याचं कातडं पांघरलेला देशी लांडगा!

"एवढं काय त्यात? मुलांचं चित्र आहे," असं आमच्या कमिटीचे लोक म्हणाले. बक्षीस बदलायला त्यांनी नकार दिला. दिवस संपल्यावर एंट्री उलटवता येत नाही, हा बँकेचा नियम त्यांनी मलाच ऐकवला. मीही स्वतःला तेच समजावलं असतं. पण डिसेंबरात पंढरपूरला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी केली आणि कुटुंब व कन्येसह इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर गेलो. वनखात्याने तिथे आणि बारामतीकडे शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. लांडगा प्रत्यक्ष पाहायचा आणि नमुना सही एकदाची डोळ्यांत साठवून घ्यायची, असा बेत.

पहाटेची वेळ. गवत कंबरेएवढं, पिवळं. गाडीपुढून एक जनावर रस्ता ओलांडून निघालं. मी वाटाड्याला म्हणालो, "या कुत्र्यांना आधी हाकला हो, लांडगे येतील कसे?"

वाटाड्या हळूच म्हणाला, "साहेब, लांडगाच हाय."

ऐकलंत? सहा महिने टाच, छाती आणि ४२ दात पाठ केलेला हा परीक्षक! समोर अस्सल उभा आणि माझ्या तोंडून 'कुत्रा'. त्याने थांबून मानेवरून एकदा आमच्याकडे पाहिलं, पिवळ्या डोळ्यांनी, आणि गवतात शिरला. गवताचा रंग आणि त्याचा रंग एकच. कसाबसा आठ-दहा सेकंदांचा कारभार.

"कुत्रा नाहीच तो," कुटुंब म्हणालं. "कुत्रा इकडेतिकडे हुंगत, रेंगाळत जातो. हा ऑफिसला निघाल्यासारखा चालला होता."

वाटाड्याने वळून हिच्याकडे आदराने पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्याकडे असं कोणी पाहिलेलं नाही. मग त्याने मातीतले ठसे दाखवले. एका ओळीत, जवळजवळ सरळ. पुढचा पाय जिथे पडला तिथेच मागचा. हिने न शिकता बरोबर ओळखलं ते हे वळण. आणि मामांच्या नातवाने खडूने नेमकं तेच काढलं होतं.

चहा पिताना वाटाड्याने जे सांगितलं त्याने मात्र चहा गोड लागला नाही. गावोगावी उकिरडे वाढले, मेलेल्या कोंबड्या माळावर टाकतात, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि त्या लांडग्यांत मिसळतात. पुणे भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकांच्या तपासणीतूनही दिसून आलं आहे. म्हणजे इतके दिवस चित्रातली सही खोटी होती. आता खऱ्या सहीतच खाडाखोड सुरू झाली. आणि ही सही साधीसुधी नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे भारतीय लांडगा हा आज हयात असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक आहे. देशात त्यांची संख्या ३,०००च्या आसपास मानतात. आमच्या मध्य रेल्वेच्या बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये सकाळी साडेआठला भारतातले सगळे लांडगे बसतील, आणि ठाण्याचे लोक म्हणतील, "आज गाडी रिकामी कशी?"

१९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. पण वाघासाठी जंगल राखतात. लांडग्याचं घर म्हणजे माळ, आणि माळाची सरकारदरबारी नोंद पुष्कळ वेळा 'पडीक' अशी. कागदावर घर पडीक, चित्रात घरधनी खलनायक. दोन्ही नोंदी चुकलेल्या. खातं बुडायला आणखी काय लागतं?

मामांना हे सगळं येऊन सांगितलं. मला वाटलं ते हळहळतील. त्यांच्या चुलतभावाची तीन कोकरं त्याच वर्षी लांडग्याने नेली होती. मामा म्हणाले, "वैरी हाय त्यो, साहेब. पर वळखीचा वैरी हाय." मग जरा थांबून, "वळखीचा गेला की बिनवळखीचा येतुय."

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. पोरगं दोनदा खोटं ओरडलं, तिसऱ्यांदा खरा लांडगा आला आणि गावातून कोणी धावलं नाही. गोष्टीत दोष पोराचा. आमच्या शाखेत उलटं झालं. पुस्तकांनी, सिनेमांनी, आम्ही थोरामोठ्यांनी मुलांपुढे वर्षानुवर्षं खोटा लांडगा ओरडून ओरडून आणला. शेवटी एका पोराने खरा आणून समोर ठेवला, तर परीक्षक खुर्चीतून उठला नाही. वर शेरा मारला, 'कुत्रा छान'.

तो शेरा मी खोडला. बँकेत खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, तशी पूर्ण सही केली. १० पैकी किती द्यावेत हे मात्र मला ठरवता येईना, म्हणून आकड्याची जागा कोरी ठेवली. नातवाला विचारून ते चित्र फ्रेम करून आणलं आणि माझ्या काउंटरच्या मागे टांगलं. फ्रेमचे पैसे कमिटीने नामंजूर केले.

रोज दोन-चार ग्राहक तरी विचारतात, "वा! तुमचा कुत्रा का?"

मी म्हणतो, "लांडगा आहे."

ते हसतात. कोणाचाही विश्वास बसत नाही. मागच्या आठवड्यात मात्र पेन्शन घ्यायला आलेले एक म्हातारबाबा चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग काठी टेकत काउंटरपाशी आले आणि म्हणाले, "कंच्या माळावरचा ह्यो?"

मी त्यांची सही न तपासताच पास केली.